‘वुई कंडोल द सॅड डिमाइज’: एका शोकपत्राचं प्रकरण

मसुदा चार वाक्यांचा होता.

‘वुई कंडोल द सॅड डिमाइज ऑफ युवर मदर. वुई डीपली रिग्रेट धिस लॉस. वुई कन्सोल यू अँड युवर फॅमिली. मे हर सोल रेस्ट इन पीस.’

प्रसंग असा. एका कंपनीचं परदेशातल्या भागीदार कंपनीबरोबर अनेक वर्षांचं काम. तिकडच्या टीमप्रमुख बाईंच्या आई वारल्या. इकडच्या टीमने सगळ्यांच्या नावाने एक पत्र पाठवायचं ठरवलं आणि ते लिहायची जबाबदारी एका तरुण सहकाऱ्यावर आली. त्याच घटनेची नोंद कंपनीच्या अंतर्गत मासिक बुलेटिनमध्येही जायची होती. दोन्ही मजकूर माझ्याकडे तपासायला आले, कारण तिथला बाहेर जाणारा इंग्रजी मजकूर मी पाहते.

आधी एक सांगते. मसुदा लिहिणाऱ्याला मनापासून वाईट वाटलं होतं. त्या बाईंनी त्याला नवखा असताना खूप सांभाळून घेतलं होतं, आणि एरवीचं त्याचं इंग्रजी चांगलं आहे. कराराचा मसुदा तो माझ्याहून सफाईने लिहील. पण दुःखाचं इंग्रजी आपल्याला कुणी शिकवतच नाही. शाळेत रजेचा अर्ज शिकवतात, नोकरीचा अर्ज शिकवतात. कुणाची आई गेल्यावर काय लिहायचं, ते आपण वर्तमानपत्रातून आणि जुन्या पत्रांच्या नकलांतून उचलतो. हा मसुदाही तसाच तयार झाला होता, म्हणून तो एकट्याचा नाही. आपल्यापैकी असंख्य लोक हीच चार वाक्यं लिहितात.

वाक्यांचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाबद्दल आम्ही शोक व्यक्त करतो’ हे मराठी वाक्य आधी मनात तयार झालं. दुःखद निधनाचं ‘सॅड डिमाइज’ झालं, शोक व्यक्त करण्याचं ‘कंडोल’ झालं, सांत्वनाचं ‘कन्सोल’ आणि खेदाचं ‘रिग्रेट’. मराठीत या चारही गोष्टी शोकपत्रात शोभतात. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाचं तोंड वेगळ्या दिशेला आहे, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ ‘कंडोल’ने केला आहे.

‘कंडोल’ लॅटिनमधून आला. ‘दोलेरे’ म्हणजे दुखणं, शोक करणं. त्याच्या आधी ‘सह’ या अर्थाचा ‘कॉन’ लागला. आपल्या ‘सहवेदने’चीच घडण. ‘इंडोलंट’ शब्दही याच ‘दोलेरे’चा. आज त्याचा अर्थ आळशी असा असला, तरी मुळात तो ‘न दुखणारं’ असा होता. तर ‘कंडोल’मध्ये दुखणं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते ‘सह’. कुणाच्या सह? जो मागे राहिला आहे त्याच्या. म्हणून आजच्या प्रमाण इंग्रजीत हे क्रियापद अकर्मक आहे आणि त्याच्यामागे ‘विथ’ येतं: ‘कंडोल विथ समवन’. कशाबद्दल हे सांगायचं तर पुढे ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’: ‘दे कंडोल्ड विथ हर ऑन द डेथ ऑफ हर मदर’. माणूस ‘विथ’नंतर, मृत्यू ‘ऑन’नंतर. मसुद्यात माणूस गायब होता आणि मृत्यू थेट कर्माच्या जागी बसला होता. ज्यांना पत्र जायचं, त्या बाई पहिल्या वाक्यात फक्त ‘युवर’ या एका शब्दापुरत्या उरल्या होत्या.

मी हे सांगितल्यावर त्याने लगेच वर्तमानपत्रांचा दाखला दिला. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रं उघडा, ‘कंडोल्स डेथ’, ‘कंडोल्स डिमाइज’, ‘कंडोल्स लॉस ऑफ लाइव्ह्ज’ हे मथळे नेहमीचे. मंत्र्यांच्या कार्यालयांची प्रसिद्धिपत्रकंही असंच लिहितात. मग ते सगळे चुकतात का?

या प्रश्नाला झटपट उत्तर देणं मला पटत नाही. हा सकर्मक वापर आपण शोधून काढलेला नाही. ‘कंडोल’ इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळला, तेव्हा तो दोन्ही तऱ्हांनी चालत होता. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये, म्हणजे 1599 च्या सुमाराच्या नाटकात, पिस्टल हे पात्र आजारी फॉल्स्टाफ या नाइटबद्दल, म्हणजे सरदाराबद्दल, म्हणतं, ‘लेट अस कंडोल द नाइट’. ‘विथ’ नाही, कर्म थेट. आणि नाइट तेव्हा जिवंत आहे, अंथरुणाला खिळलेला. पुढे इंग्लंड-अमेरिकेच्या लेखनातून ही तऱ्हा मागे पडली आणि शब्दकोशांनी तिच्यावर ‘जुना वापर’ असा शिक्का मारला. आपल्याकडे ती मथळ्यांतून फोफावली, आणि त्याला कारणही आहे. ‘शोक व्यक्त केला’ या आपल्या क्रियापदाला ‘निधनाबद्दल’ लागतं. शोक मृत्यूबद्दल व्यक्त करायचा, ही आपली सवय. मथळ्यात जागा कमी. ‘एक्स्प्रेसेस कंडोलन्सेस ऑन द डेथ ऑफ’ एवढं लांबलचक लिहिण्यापेक्षा ‘कंडोल्स डेथ’ दोन शब्दांत बसतं. तेव्हा भारतीय इंग्रजीत तो एक रुळलेला प्रयोग आहे, आणि भारतीय वाचक त्यावर अडखळत नाही. पण हे पत्र भारतीय वाचकाला जाणार नव्हतं. बाहेरच्या वाचकाला ‘वुई कंडोल द डेथ’ हे वाक्य अर्धवट वाटतं. अर्थ कळतो, पण तो कळायला क्षणभर थांबावं लागतं. आई गेलेल्या माणसाला आपल्या व्याकरणावर थांबायला लावणं मला बरोबर वाटलं नाही.

मग सोपी दुरुस्ती म्हणून त्याने लिहिलं: ‘वुई कंडोल विथ यू ऑन द डेथ ऑफ युवर मदर’. व्याकरण निर्दोष. तरीही मी ते वाक्य पत्रात ठेवू दिलं नाही, आणि या प्रकरणातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट मला ही वाटते.

‘कंडोल’ हे आजच्या इंग्रजीत शोकात असलेल्या माणसाला उद्देशून बोलायचं क्रियापद राहिलेलं नाही. कुणी कुणाकडे जाऊन दुःखात सहभाग दाखवला, हे तिसऱ्याला सांगण्यासाठी ते वापरतात. बातमीत, इतिवृत्तात, चरित्रात ते शोभतं. समोरासमोर कुणी ‘आय कंडोल विथ यू’ म्हणत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत अशी क्रियापदं वेगळी काढली, जी उच्चारली की तेच एक कृत्य होतं: ‘मी आभार मानतो’ म्हणणं म्हणजेच आभार मानणं, ‘मी माफी मागतो’ म्हणणं म्हणजेच माफी मागणं. दुसऱ्याच्या सुखदुःखाला दिलेल्या प्रतिसादाच्या गटात त्यांनी ‘कंडोल’ही घातलं, ‘कंग्रॅच्युलेट’च्या शेजारी. तत्त्वतः ते खरं आहे. पण ‘आय कंग्रॅच्युलेट यू’ लोक आजही म्हणतात, ‘आय कंडोल विथ यू’ म्हणत नाहीत. ते काम आता नामाकडे गेलं आहे: ‘माय कंडोलन्सेस’, ‘प्लीज अक्सेप्ट अवर कंडोलन्सेस’. हे नाम अशा वेळी अनेकवचनीच हवं. ‘लेटर ऑफ कंडोलन्स’मध्ये एकवचन, पण आपण पाठवतो त्या ‘कंडोलन्सेस’. आपल्याकडच्या पत्रांत ‘माय हार्टफेल्ट कंडोलन्स’ सर्रास दिसतं, तेवढं जपावं. उच्चारात जोर मधल्या ‘डो’वर.

राहिलेली तीन वाक्यं. ‘वुई डीपली रिग्रेट धिस लॉस’ हे मला पहिल्याहून जास्त खटकलं. ‘रिग्रेट’मध्ये खेद आहे, पण त्याबरोबर जबाबदारीची एक छटाही येते. विमान कंपनी अपघातानंतर लिहिते, रुग्णालय उपचारात काही घडल्यावर लिहितं, अर्ज नाकारणारी संस्था ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ लिहिते. एखादी गोष्ट केल्याचा किंवा न केल्याचा पस्तावा सांगायलाही हेच क्रियापद. त्या आईंच्या जाण्याशी आमच्या टीमचा दुरूनही संबंध नव्हता. तरी ते वाक्य एखाद्या कार्यालयाने हात झटकत केलेल्या खुलाशासारखं वाचलं जात होतं. शिवाय ‘धिस लॉस’. कुणाचा लॉस? त्या बाईंचा. तो ‘युवर लॉस’ म्हणून त्यांच्याकडेच ठेवायला हवा होता.

‘कन्सोल’ची गोष्ट सोपी आहे. ‘कंडोल’ आणि ‘कन्सोल’ कानाला जुळे वाटतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं सहज पडतं. पण ‘कन्सोल’ सकर्मक आहे, त्याला ‘विथ’ नको, आणि त्यात समोरच्याचं दुःख हलकं करण्याचा प्रयत्न आहे. ‘हिज सिस्टर कन्सोल्ड हिम’ म्हणजे ती त्याच्याजवळ बसली, तिने त्याला धीर दिला. ‘वुई कन्सोल यू’ असं पत्रात जाहीर करता येत नाही. सांत्वन झालं की नाही हे ज्याचं झालं त्याने सांगायचं. आपल्याकडेही ‘आम्ही तुमचं सांत्वन करत आहोत’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही; ‘सांत्वन करून आलो’ असं नंतर म्हणतात.

शेवटचं वाक्य, आत्म्याला शांती लाभण्याचं, व्याकरणाने ठीकच आहे. ‘रेस्ट इन पीस’ ही मूळची ख्रिस्ती प्रार्थनेतली लॅटिन ओळ. त्या कुटुंबाची श्रद्धा काय, कुठली श्रद्धा आहे की नाही, हे टीममध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ते काढलं. ‘सॅड डिमाइज’ही गेलं. ‘डिमाइज’ हा शब्द आज बाहेरच्या इंग्रजीत माणसापेक्षा संस्था, प्रथा, उद्योग बंद पडण्याबद्दल जास्त ऐकू येतो. माणसाबद्दल वापरला तर सरकारी वास येतो. आणि आई गेली हे दुःखद आहे, असं मुलीला ‘सॅड’ लावून कळवायची गरज नाही. ‘डेथ’ शब्दाला आपण उगाच घाबरतो. ‘डाइड’ म्हणणं इंग्रजीत उद्धट नाही. ‘पास्ड अवे’ हवं असेल तर तेही चालतं. ‘एक्स्पायर्ड’ मात्र नको. तो शब्द आता परवान्याची मुदत संपण्याला लागतो.

मग त्याने विचारलं, कंडोल नाही, तर ‘मोर्न’ चालेल का? ‘वुई मोर्न युवर मदर’. चांगला प्रश्न होता, कारण ‘मोर्न’ला मृत्यूचं किंवा मृताचं कर्म थेट चालतं. पण ‘मोर्न’ करतो तो ज्याचं माणूस गेलं तो. कुटुंब करतं, जवळचे मित्र करतात, मोठा नेता गेला तर देश करतो. ज्या बाईंना आपण कधी भेटलो नाही, त्यांच्यासाठी ‘मोर्न’ म्हणणं म्हणजे मुलीच्या शोकात आपला हिस्सा मागणं. ‘ग्रीव्ह’ आणखी आतलं, मनातल्या मनात महिनोन्महिने चालणारं. ‘लॅमेंट’मध्ये मोठ्याने केलेला विलाप आहे, आणि हल्ली तक्रारीकडेही त्याचा कल असतो: निधी कमी पडल्याबद्दल, दर्जा घसरल्याबद्दल लोक ‘लॅमेंट’ करतात. ‘कमिझरेट’ला ‘कंडोल’सारखंच ‘विथ’ लागतं, पण ते नापास झालेल्यासाठी, सामना हरलेल्यासाठी. मृत्यूपुढे ते हलकं पडतं.

मी सुचवलं: ‘वुई आर सो सॉरी’. तो गप्प झाला. मग म्हणाला, “पण मॅडम, सॉरी कशाबद्दल? आपण काही केलंय का?”

मराठीत ‘सॉरी’ फक्त माफी मागण्यासाठी रुळला आहे. धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. त्यामुळे शोकपत्रात ‘सॉरी’ लिहिताना आपल्याला दोष कबूल केल्यासारखं वाटतं, आणि आपण त्याच्यापासून पळून ‘रिग्रेट’कडे जातो, जिथे दोषाची छटा खरोखरच आहे. ‘सॉरी’चं मूळ ‘सोअर’शी जोडलेलं आहे, म्हणजे दुखरं, ठणकणारं. ‘सॉरो’शी त्याचं नातं दिसतं, पण मुळातून नाही, ते दोन निराळे शब्द पुढे एकमेकांच्या जवळ आले. ‘आय ॲम सॉरी’चा पहिला अर्थ ‘मला दुखतंय’ असाच आहे. माफी ही त्यातून पुढे फुटलेली फांदी. म्हणून ‘आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस’ हे इंग्रजीत मृत्यूनंतरचं सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त बोललं जाणारं वाक्य आहे. ते ऐकून कुणालाही माफी मागितल्यासारखं वाटत नाही.

आता पत्रात चारपैकी एकही वाक्य उरलं नव्हतं, आणि त्याचा चेहरा पडला होता. मी त्याला विचारलं, या आईंबद्दल तुला काय माहीत आहे? तो म्हणाला, काहीच नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, “व्हिडिओ कॉल चालू असला की त्या मागून जाताना हात हलवायच्या. आम्ही पण हलवायचो.” मी म्हटलं, हेच लिही. त्याला ते पत्रात लिहिण्याइतकं मोठं वाटत नव्हतं. औपचारिक पत्रात असलं कसं लिहायचं, असा त्याचा संकोच होता. पण शोकपत्र वाचणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: आपलं गेलेलं माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर आहे याचा पुरावा. कुठलंही क्रियापद, कितीही नेमकं असलं तरी, ते देऊ शकत नाही.

पत्र शेवटी असं गेलं:

‘वुई वेअर व्हेरी सॅड टू हिअर दॅट युवर मदर हॅज डाइड, अँड वुई आर सो सॉरी. वुई नेव्हर मेट हर, बट शी ऑफन वेव्ह्ड टू अस फ्रॉम बिहाइंड युवर चेअर, अँड वुई ऑल्वेज वेव्ह्ड बॅक. प्लीज अक्सेप्ट अवर हार्टफेल्ट कंडोलन्सेस, अँड पास देम ऑन टू युवर फॅमिली. देअर इज नो नीड टू रिप्लाय.’

उत्तराची गरज नाही, ही ओळ टीमप्रमुखांनी घालायला सांगितली. ती मला फार योग्य वाटली. आभाराची पत्रं लिहिणं हेही शोकातल्या माणसावर पडणारं ओझं असतं.

बुलेटिनची गोष्ट वेगळी. तिथे बातमीच द्यायची होती, म्हणून ‘कंडोल’ तिथे आपल्या घरी होता. आलेला मथळा होता ‘टीम कंडोल्स डिमाइज ऑफ पार्टनर लीड्स मदर’. बुलेटिन पाहणाऱ्या गृहस्थांनी त्याची ठाम बाजू घेतली: वाचक बहुतेक इथलेच आहेत, वर्तमानपत्रात रोज हेच वाचतात, मग आम्हीच का बदलायचं? बुलेटिन फक्त इथेच वाटलं जात असतं तर मी तो मथळा, एक ‘डिमाइज’ बदलून, तसाच राहू दिला असता. इथल्या वाचकासाठी तो चूक नाही, असं मला खरोखर वाटतं. पण तेच बुलेटिन भागीदार कंपनीलाही जातं, आणि ज्यांच्या आई गेल्या त्या बाईही ते उघडणार होत्या. हे लक्षात आल्यावर त्यांनी वाद सोडला. मथळ्यात क्रियापद ठेवायचंच नाही असं ठरलं, तिथे फक्त ‘कंडोलन्सेस’ एवढंच आलं. खालची ओळ आधी अशी ठरली: ‘द टीम कंडोल्ड विथ अवर पार्टनर लीड ऑन द डेथ ऑफ हर मदर’.

त्या गृहस्थांची एक शंका तरी राहिलीच, ‘कंडोल्ड विथ हर’ की ‘कंडोल्ड विथ द फॅमिली’. पत्र बाईंना गेलं होतं, म्हणून आधी त्यांचंच नाव आलं. कुटुंबासाठी पुढे ‘अँड हर फॅमिली’ जोडून तो प्रश्न तिथेच मिटवला. एका ‘विथ’मागे दोन्ही नीट बसतात.